फुरसतीचा पराक्रम

डोलवीच्या पोलाद कारखान्यात पाळीवर काम करणारा माझा एक माजी विद्यार्थी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा ऑनलाइन खेळ खेळतो. त्याचे सवंगडी युरोपातले. त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले मध्यरात्रीचे साडेबारा. आठवड्याची मोठी मोहीम त्या वेळी निघते आणि याची पाळी दर आठवड्याला बदलते. साहजिकच सर्वोत्तम शस्त्रे आणि चिलखते ज्या मोहिमांत मिळतात, त्यांत तो क्वचितच असतो. ज्याला सवड नाही त्याने उंची आयुधांची अपेक्षा तरी का करावी, असे त्याला ऐकवले जाते. हा पोरखेळातला वाद म्हणून झटकून टाकावा, असे प्रथम मलाही वाटले. पण त्यामागची भूमिका आपल्या चांगल्याच ओळखीची आहे, आणि ती मला साफ नामंजूर आहे.

कष्टाशिवाय फळ नाही, हे मान्य. पण कोणते कष्ट? २००४ साली आलेल्या या खेळातल्या ‘मोल्टन कोअर’ मोहिमेला ४० खेळाडू लागत. मोहीम आठवड्यातून एकदाच, आणि एकेका शत्रूकडून हाती येणाऱ्या वस्तू मोजक्याच, त्याही नशिबावर. मग वाटपासाठी अनेक संघ ‘ड्रॅगन किल पॉइंट्स’ या गुणांची नोंद ठेवू लागले. नाव शौर्याचे, पण गुण बव्हंशी हजेरीचे! आम्हा प्राध्यापकांना हा प्रकार नवा नाही. ७५ टक्के हजेरी भरलेल्या विद्यार्थ्याला आम्ही परीक्षेला बसू देतो. सुवर्णपदक देत नाही.

२००७ साली ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्तारात पाचजणांच्या छोट्या मोहिमांतून बिल्ले साठवून चांगली आयुधे घेण्याची सोय झाली, तेव्हा जुन्या मानकऱ्यांनी त्या आयुधांना ‘वेल्फेअर एपिक’ म्हणून हिणवले. वेल्फेअर, म्हणजे खैरात. रेशनच्या रांगेकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांचा हाच सूर असतो. २०२४ च्या ‘द वॉर विदिन’मध्ये ‘डेल्व्ह’ आल्या. त्या एकट्यानेही खेळता येतात आणि वरच्या दर्जाची आयुधे देतात. अगदी सर्वोच्च आयुधे तेव्हाही डेल्व्हमधून मिळत नव्हती, तरी कुरकुर व्हायची ती झालीच.

सर्वांनाच मिळाले तर मोल काय उरले, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. त्यात एक घोटाळा आहे. आयुध हे साधन, पदक नव्हे. आपल्याकडे घरोघरी पोहोचलेल्या ‘बीजीएमआय’मध्ये प्रत्येक जण रिकाम्या हातांनीच मैदानात उतरतो, म्हणून तिथे कौशल्याची किंमत कमी झाली काय? पहिल्या विजेत्यांना बिरुदे द्या, दुर्मीळ वाहने द्या, यादीत त्यांची नावे झळकवा. तलवार तेवढी कसबाला द्या, फुरसतीला नको. आणि पैशालाही नको: कित्येक मोबाइल खेळांत सामर्थ्य सरळ विकत मिळते, आणि सवड नसलेल्यांची सोय म्हणूनच ते विकले जाते. सोपे करा, अशी माझी मागणीच नाही. अवघड असावे, पण ते सुटीच्या दिवशी, एकट्याने, दोन तासांत करून पाहता यावे.

माझ्या विद्यार्थ्याने वरच्या पायरीची एक डेल्व्ह अशीच एका सुटीला पार केली, कितीतरी वेळा मरून. पुढल्या आठवड्यात पेटीतून तलवार मिळाली. ती पाहून सवंगडी म्हणाले, “तुला बरी स्वस्तात पडली!” त्याला उत्तर लिहायला वेळ नव्हता, पाळीची बस आली होती.