कळसूबाईची अट

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या पाच तारखेला असते. हप्ते जमा झाले, वहीत नोंदी झाल्या, चहा आला आणि एकजण म्हणाली, "दरवर्षी आपण गाडीत बसून देवदर्शनाला जातो. यंदा दिवाळी झाली की पायी जाऊ या ना कुठेतरी. कळसूबाईला!" लगेच अकरा हात वर झाले. त्यात पंचावन्न वर्षांच्या काकूही होत्या.

पुढच्या बैठकीत पुन्हा हात मोजले, तर उरले चार!

मला वाटलं, बायका उंचीला घाबरल्या असतील. म्हणून एकेकीला विचारलं. "ह्यांना बाहेरचं जेवण चालत नाही हो." "दूधवाला सहाला येतो, घरात कुणाला जाग येत नाही." "रविवारी नणंद यायची आहे." "सासूबाई म्हणाल्या, डोंगर चढायचं काय अडलंय सुनेचं?" मैत्रिणींनो, 'मला चढवणार नाही' असं मात्र एकीनंही म्हटलं नाही. डोंगराला कुणीच नाही म्हणालं नव्हतं. सगळ्या अडल्या होत्या त्या ओट्यापाशी.

खरं तर डोंगराचं नियोजन अगदी सोपं आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १,६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५,४०० फूट. अहिल्यानगर जिल्ह्यातला अकोले तालुका आणि नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका यांच्या सीमेवर ते उभं आहे. आम्ही सिन्नरकर. शनिवारी दुपारी निघायचं, घोटीमार्गे संध्याकाळपर्यंत पायथ्याच्या बारी गावात पोहोचायचं. तिथे गावातल्या घरांमध्ये जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते. पहाटे उजाडायच्या आत चालायला लागायचं. आपल्यासारख्यांना वर जायला तीन-चार तास लागतात. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या बसवलेल्या आहेत. माथ्यावर देवीचं छोटं मंदिर आहे. दुपारपर्यंत खाली उतरलं, की रात्री घरी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी तिथे फार गर्दी होते आणि दगड निसरडे असतात, म्हणून दिवाळीनंतरचे दिवस ठरवले.

तयारीही साधीच. चपला नकोत, तळाला खाचा असलेले बूट हवेत, आणि ते आधी पंधरा दिवस घालून पाय रुळवायचे. रोज पाऊण तास चालायचं, शक्य असेल तर जिने चढायचे. प्रत्येकीजवळ दोन-तीन लिटर पाणी हवं. रक्तदाब किंवा गुडघ्यांचं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि बायकांची नेहमीची चूक करायची नाही. वाटेत आडोसा मिळेल का, या काळजीनं आपण पाणीच पीत नाही आणि मग चक्कर येते. पाणी प्यायचंच! दोघीतिघींनी मिळून आडोसा धरायचा, कागद-पिशवी जवळ ठेवायची आणि कचरा परत आणायचा. पाळीची तारीख जवळ असेल तर त्याचंही सामान घ्यायचं. एवढं ठरवायला आम्हाला जेमतेम तासभर लागला.

घरी येऊन मी वही उघडली. एका पानावर डोंगराची यादी लिहिली, सात गोष्टींची. शेजारच्या पानावर घराची यादी, ती तेवीसवर गेली! पोळ्या करून ठेवणे, भाज्या चिरून फ्रिजमध्ये ठेवणे, सासऱ्यांच्या गोळ्या पुड्यांत बांधणे, इस्त्रीचे कपडे, दुधाचं पातेलं कुठे आहे ते सांगणे... मागच्या वर्षी आमचे हे मित्रांबरोबर हरिश्चंद्रगडाला गेले होते. तेव्हा यांची यादी एकाच प्रश्नाची होती, "माझा टॉवेल कुठे ठेवलास?"

यात माझीही चूक आहे, ती कबूल करते. गटातल्या एका मैत्रिणीनं माघार घेतली, तेव्हा मी तिला म्हटलं, "अगं, दोन दिवसांचा स्वयंपाक आदल्या रात्री करून ठेव आणि चल." ती शांतपणे म्हणाली, "ताई, रात्री एकपर्यंत ओट्याशी उभी राहू आणि दुसऱ्या दिवशी डोंगर चढू? आणि आल्यावर दोन दिवसांची भांडी कोण घासणार?" मी गप्प झाले. बारा वर्षं मी गावोगाव गट चालवते, बायकांना 'पायावर उभ्या राहा' म्हणून सांगते, आणि सल्ला दिला तो काय? तर दुप्पट राबून सुट्टी मिळव!

कळसूबाईची एक दंतकथा आहे. कळसू ही रानावनात रमणारी कोळी समाजाची मुलगी. डोंगराच्या पायथ्याशी एका घरी ती कामाला राहिली, पण अट घालून. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही! काही दिवस बरे गेले. मग एक दिवस घरच्यांनी तिला नेमकी तीच कामं सांगितली. तिनं ती केली, पण लगेच डोंगरावर निघून गेली आणि आयुष्यभर तिथेच राहिली. नवरात्रात आपण जिला नमस्कार करायला चढतो, ती देवी ही अशी. तिची अट मात्र आपण कुणी घरी सांगत नाही.

आपल्याला काही घर सोडून जायचं नाही. प्रश्न फक्त दोन दिवसांचा आहे. "घरच्यांना त्रास देऊन कसली मजा?" असं काहीजणी म्हणतील. पण मोठ्या माणसांनी स्वतःच्या पोटापुरतं शिजवणं हा त्रास कसा? कुणाचं मूल अंगावर पितं, कुणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं. त्यांची अडचण खरी आहे आणि तिथे आपण एकमेकींच्या पाळ्या लावायला हव्यात. पण दूध तापवणं ही अडचण नव्हे, ती सवय आहे. ती आपणच लावली आणि आता आपणच मोडायला हवी.

प्रेमलता अग्रवाल या जमशेदपूरच्या गृहिणी, दोन मुलींची आई. २०११ साली वयाच्या ४८व्या वर्षी त्यांनी एव्हरेस्ट सर केलं. आपल्याला तर रविवारच्या रात्री घरी परतायचं आहे!

मी घराची यादी फाडली. तेवीसपैकी एकच गोष्ट ठेवली, सासऱ्यांच्या गोळ्यांची, आणि ते काम मुलाला शिकवलं. यांना म्हटलं, "शनिवार-रविवार मी नाही. डब्यांवर नावं लिहिलेली आहेत." 'जाऊ का?' असं विचारलं नाही, 'जाणार आहे' असं सांगितलं. घरात थोडी धुसफुस झाली, नाही असं नाही. पण दुसऱ्याच दिवशी हे कुकरच्या शिट्ट्या मोजत उभे होते.

आता आम्ही सातजणी झालो आहोत. त्या मैत्रिणीचं अजून ठरलेलं नाही. गाडीत तिची जागा धरून ठेवली आहे. तुमच्याही गावाजवळ एखादा डोंगर असेलच ना? तर निघा. मात्र जाताना पोळ्या करून ठेवू नका.