भयानक आणि बीभत्स: एका मुखचित्राच्या निमित्ताने

हॉरर व्हिडिओ गेमच्या मुखचित्रांकडे आपली समीक्षा सहसा वळत नाही. रसविचाराची कसोटी मात्र तिथे चांगलीच लागते. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम प्रथम भेटतो तो बोटभर चित्रातून. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमने या चित्रावर परीक्षणांतील गुण, पुरस्कारांची नावे आणि सवलतीच्या घोषणा छापण्यास मनाई केली. उरले गेमचे चित्र आणि नाव. जाहिरातीला पैसा नसलेल्या स्वतंत्र निर्मात्याची सारी भिस्त आता त्यावरच.

अशा वेळी अनेकांना रक्त, जबडा, किंचाळणारा चेहरा सुचतो. हा बीभत्स झाला, भयानक नव्हे. बीभत्सापाशी नजर क्षणभर अडते आणि फिरते. भयानक तिला आत ओढतो.

डेन्मार्कच्या प्लेडेड या संस्थेचा ‘लिंबो’ (२०१०) पाहावा. धूसर रान, एका मुलाची काळी आकृती, डोळ्यांच्या जागी पांढरे ठिपके. गेममध्ये महाकाय कोळी आहे. मुखचित्रावर तो नाही. धोका सांगितलेला नाही, सुचवलेला आहे. ध्वनी म्हणतात तो हाच.

हा संयम व्यवहारालाही धरून आहे. चित्र लहान झाले की तपशील विरघळतात. टिकते ती एकच ठसठशीत आकृती, उजेड-अंधाराचा विरोध आणि वाचता येणारे नाव. शिवाय राक्षस दारातच उभा केला, तर आत भेटायला उरतो कोण?