समुपदेशक नेमला, पुढे काय?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यात सर्वाधिक, म्हणजे १ हजार ७६४ विद्यार्थी महाराष्ट्रातील होते. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणम येथील एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात शिक्षणसंस्थांसाठी १५ मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, हे त्यांतील एक प्रमुख तत्त्व. ही तत्त्वे कायदा होईपर्यंत बंधनकारक आहेत.

आदेश स्वागतार्ह आहे. पण सरकारी विद्यापीठांची खरी परीक्षा नेमणुकीनंतर सुरू होते. पहिला प्रश्न संख्येचा. विद्यार्थी आणि समुपदेशक यांचे प्रमाण योग्य असावे, असे न्यायालय म्हणते. अमेरिकेतील विद्यापीठीय समुपदेशन केंद्रांना मान्यता देणारी संस्था एक हजार ते दीड हजार विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक, हे प्रमाण सुचवते. आपल्याकडे पाच हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाने एकच नेमणूक केली, तर नियमातील ‘किमान एक’ ही अट पूर्ण होईल. गरज मात्र भागणार नाही.

दुसरा प्रश्न संलग्न महाविद्यालयांचा. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे कार्यक्षेत्र मुंबईपासून सिंधुदुर्गापर्यंत पसरले आहे. कलिना संकुलात कितीही सुसज्ज केंद्र उभारले, तरी सावंतवाडीच्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग काय? जबाबदारी महाविद्यालयावर टाकायची, तर पगार कोणी द्यायचा हे आधी ठरले पाहिजे. शासनमान्य आकृतिबंधात पदच नसेल, तर मानसशास्त्राच्या प्राध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ सोपवून मोकळे होण्याचा मार्ग सोपा ठरतो. ज्याच्या हाती अंतर्गत गुण आहेत, त्याच्यासमोर विद्यार्थी मन मोकळे करील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

येथूनच तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो, तो गोपनीयतेचा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने उपचार घेणाऱ्यास गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असल्यास त्याला अपवाद आहे. मात्र आपले बोलणे प्राचार्यांपर्यंत किंवा घरापर्यंत पोहोचेल, अशी शंका आली की विद्यार्थी पुन्हा त्या खोलीची पायरी चढत नाही. समुपदेशन कक्ष शिस्तपालन समितीपासून वेगळा ठेवणे आणि नोंदी प्रशासनाच्या हाती न देणे, याला फारसा खर्च येत नाही. लागते ती इच्छाशक्ती.

मनोविकारतज्ज्ञांची देशात टंचाई असल्याने हे सारे एका दिवसात होणार नाही, हे खरे. पण विद्यापीठांनी ‘किती नेमले’ याबरोबरच ‘भेटीसाठी किती दिवस थांबावे लागते’ आणि ‘किती विद्यार्थी दुसऱ्यांदा आले’, हेही दरवर्षी नावे न देता जाहीर करावे. अन्यथा नियमाची पूर्तता कागदावर होईल आणि खोली रिकामीच राहील.

(मानसिक ताण असह्य होत असल्यास केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या विनाशुल्क क्रमांकावर केव्हाही बोलता येते.)