भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी

दारात पंधरा वर्षांची गाडी उभी आहे, मिस्त्रीनं इंजिनकामाचा आकडा सांगितलाय आणि तेवढ्यात भंगारवाला भाव करून गेलाय. अशा वेळी घाई करू नका.

इंजिन, क्लच, गिअरबॉक्स दुरुस्त होतात. सुटे भाग मिळताहेत ना, एवढं विचारा. खरी परीक्षा तळाच्या पत्र्याची आणि चेसिसची. गंजलेल्या तळाला वेल्डिंगचं ठिगळ लावलं तर गाडी चालेल, पण धडकेत टिकणार नाही. बीडची हवा कोरडी, त्यामुळे इथल्या गाडीचा पत्रा सहसा तग धरतो. कोकणातून स्वस्तात आणलेल्या गाडीचं मात्र काही खरं नसतं. गॅरेजात वर उचलायला लावा आणि दारांखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. आत गेला तर इंजिनावर रुपयाही घालू नका.

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीनं जिल्ह्याला आणखी एक धडा दिला. पाण्यात बुडालेली गाडी ‘चालू होते का बघू’ म्हणून किल्ली फिरवू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा नाकारतात. बॅटरीची तार काढा, फोटो काढा, कंपनीला कळवा. दुरुस्ती विम्यातल्या घोषित किमतीच्या 75 टक्क्यांपुढे गेली की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. पाचव्या वर्षी ही किंमत निम्म्यावर आलेली असते. चांगल्या दिसणाऱ्या गाड्या मोडीत निघतात त्या यामुळे.

पंधरा वर्षं झाली की गाडी जप्त होते, ही धास्ती दिल्लीच्या बातम्यांतून आलेली. आपल्याकडे तपासणीत पास झालेल्या खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांनी वाढते. कारची नोंदणी वाढवण्याचं शुल्क एप्रिल 2022 पासून 600 वरून 5,000 रुपये झालं, हरित कर वेगळा. दुरुस्तीच्या हिशेबात हेही धरा.

गाडी मोडायचीच ठरली तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या. तिथल्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. मग आरटीओत आरसी रद्द करून घ्या. रोख पैसे घेऊन मोकळे झालात तर कागदावर गाडी तुमचीच राहते. तुमची एमएच-23 ची पाटी उद्या चोरीच्या गाडीवर दिसली, तर पोलीस तुमच्याच दारात येतील. आणि हो, टाकीतलं डिझेल आधी काढून घ्या; त्याचे पैसे कुणी देत नाही.