विश्लेषण : वर्क व्हिसासाठी एजंट हवाच का? लाखो रुपये मोजण्याआधी हे वाचा

गिरगावातल्या खोताच्या वाडीत लाकडी जिन्यांची जुनी घरं पाहायला येणाऱ्यांना एक प्रश्न हमखास पडतो. इथला ख्रिस्ती समाज मूळचा मुंबईचा, मग त्याचं नाव ‘ईस्ट इंडियन’ का? याचं उत्तर नोकरीत आहे. गोवा आणि मंगळूरकडून कारकुनीच्या शोधात येणाऱ्या ख्रिस्ती उमेदवारांपेक्षा आपली ओळख वेगळी दिसावी, म्हणून १८८७ मध्ये या समाजाने हे नाव घेतलं. वाडीतून धोबी तलावाकडे चालत गेलं की जेर महाल लागतो. गोव्यातल्या एकेका गावाने चालवलेल्या कुडी, म्हणजे सामायिक खोल्या, या भागात होत्या. बोटीवर काम मिळेपर्यंत खलाशी तिथे मुक्काम करत. ज्याला विचारायचं, तो गाववाला त्याच खोलीत असे.

आता त्या गाववाल्याची जागा रीलने घेतली आहे. ‘नोकरीसकट वर्क परमिट, १०० टक्के गॅरंटी’ असं सांगणाऱ्या माणसाला आधी फी द्यायची, मग वाट पाहायची. ही फी खरंच लागते का?

नोकरी हातात असेल तर?

बहुतेक वेळा लागत नाही. अमेरिकेच्या एच-१बी व्हिसासाठी याचिका दाखल करते ती कंपनी, आणि त्यासाठीचा वकीलही सहसा तिचाच असतो. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी परवानाधारक कंपनीचं ‘सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप’ लागतं. अशा कंपन्यांची यादी ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट पाहता येते. कॅनडात परदेशी कामगार घेण्यासाठी कंपनीला एलएमआयए ही मंजुरी काढावी लागते. तिचं १,००० कॅनेडियन डॉलरचं शुल्क कंपनीनेच भरायचं असतं आणि ते कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. म्हणजे ‘एलएमआयए काढून देतो, इतके लाख द्या’ हा व्यवहार कितीही गोड बोलून झाला तरी मुळातच खोटा आहे.

व्हीएफएस केंद्रात ‘आपली ओळख आहे’ हे वाक्यही असंच. हे केंद्र कागद आणि बोटांचे ठसे घेतं, व्हिसा द्यायचा की नाही हे दूतावास ठरवतो. उरलं फॉर्म भरणं. रेल्वेचं तत्काळ तिकीट काढणाऱ्याला ते जमायला हरकत नाही.

नोकरीच एजंट शोधून देणार असेल तर?

इथे कायदा स्पष्ट आहे, आणि नेमका इथेच तो माहीत नसतो. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये, तेही पावती देऊन. एजंटचा परवाना चालू आहे की रद्द, हे ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. नोंदणी नसलेल्या एजंटांची यादीही सरकार प्रसिद्ध करतं.

जहाजावरच्या नोकरीचा नियम आणखी कडक आहे. तिथे भरती करणाऱ्या संस्थेकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो आणि नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून एक रुपयाही घेता येत नाही. कुडींच्या या शहरात ही गोष्ट घरोघरी ठाऊक असायला हवी होती.

‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो’ असं कुणी म्हणालं तर तिथेच उठावं. आग्नेय आशियात डेटा एंट्रीच्या नोकरीसाठी म्हणून नेलेले तरुण म्यानमारच्या सायबर फसवणूक केंद्रांत अडकले. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबरने तिथून ६० हून अधिक भारतीयांची सुटका केली.

मग पैसे कधी मोजावेत?

आधी व्हिसा नाकारला गेला असेल, परदेशात मुदतीपेक्षा जास्त राहणं झालं असेल, पोलिसांत गुन्हा नोंद असेल, तर जाणकार वकिलाची फी वाचवू नये. मात्र तो त्या देशाच्या नियमांत बसणारा हवा. कॅनडासाठी पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिथल्या वकिलांना, क्युबेकच्या नोटरींना आणि परवानाधारक सल्लागारांनाच आहे. प्रतिनिधीचं नाव अर्जात लिहावं लागतं. ‘माझं नाव कुठे टाकू नका’ असं सल्लागारच सांगू लागला, तर त्याचं कारण उघड आहे.

मराठी घरांतली नेहमीची अडचण याहून साधी असते. लग्नानंतर बदललेलं नाव, मार्कशीटवर वडिलांचं नाव मध्ये आणि पासपोर्टवर नाही. ईस्ट इंडियन किंवा गोवेकर घरांत बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर वेगळंच स्पेलिंग. त्यासाठी राजपत्रात नाव बदलून घेता येतं. त्याचं शासकीय मुद्रणालय चर्नी रोडला, वाडीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि अर्ज ऑनलाइन होतो. अपोस्टिलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. त्यावर सेवा देणाऱ्या कंपनीचा थोडा आकार लागतो, पण हजारोंचं पॅकेज घेण्याआधी हा आकडा लक्षात असलेला बरा.

चूक एजंटची, शिक्षा कोणाला?

अर्जदाराला. खोटं अनुभवपत्र किंवा फुगवलेलं बँक स्टेटमेंट एजंटने जोडलं, तरी अर्जावर सही उमेदवाराची असते. चुकीची माहिती दिल्याबद्दल कॅनडा ५ वर्षं दार बंद करतो, ब्रिटन १० वर्षांपर्यंत, आणि अमेरिकेत ही बंदी आयुष्यभराची ठरू शकते. त्यामुळे अर्ज कुणीही भरला तरी पाठवण्याआधी प्रत्येक पान वाचणं आणि लॉगिन स्वतःच्या ईमेलवर ठेवणं, यात तडजोड नको.

एजंटचं काय होतं? नोंदणीशिवाय भरती केल्यास कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. दंडाची कमाल रक्कम २,००० रुपये. शिवाय हा कायदा भरती करणाऱ्यांसाठी आहे. केवळ व्हिसाचे कागद करून देणारे सल्लागार त्याच्या कक्षेत येत नाहीत. पंजाबने ट्रॅव्हल एजंट आणि सल्लागारांसाठी २०१२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. देशातलं पहिलं विदेश भवन २०१७ मध्ये ज्या राज्याच्या राजधानीत उभं राहिलं, त्या महाराष्ट्रानेही सल्लागारांना परवान्याच्या चौकटीत आणायला हवं. तोवर परवान्याबद्दल शंका असेल तर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या त्याच विदेश भवनात उत्प्रवासी संरक्षकांचं कार्यालय आहे आणि तिथे चौकशी करता येते.