‘अच्छा हुआ’ म्हणणाऱ्या दोस्ताला

१५ फेब्रुवारी २०२५ रोजी दक्षिण आफ्रिकेत इमाम मुहसिन हेंड्रिक्स यांची गाडी अडवून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कराचीत दीनी शिक्षण घेतलेला हा माणूस. लग्न झालं, मुलं झाली, तलाक झाला आणि १९९६ मध्ये त्यांनी आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं. पुढे केपटाऊनमध्ये त्यांनी आपल्यासारख्या मुसलमानांसाठी नमाजची जागा उभी केली.

दोन आठवड्यांनी रमजान लागला. एका इफ्तारीत हा विषय निघाला. कॉलेजात शिकणारा एक पोरगा मोबाइलवरची नजर न काढता म्हणाला, ‘‘अच्छा हुआ.’’ दस्तरख्वानावर आम्ही दहा-बारा जण होतो. कुणी काही बोललं नाही. मीही फळांची प्लेट पुढे सरकवली. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहितो आहे.

दोस्ता, हेंड्रिक्स यांची मतं इस्लामला धरून नाहीत असं कायम म्हणणाऱ्या तिथल्या मुस्लिम ज्युडिशियल कौन्सिलनेही या खुनाचा स्पष्ट निषेध केला. मत न पटणं वेगळं आणि माणूस मारल्याचं समाधान वाटणं वेगळं, एवढं त्यांना कळलं. मग आपल्याला का कळू नये?

तू म्हणशील, हे हराम आहे. मी मुफ्ती नाही. कुरआनात लूत अलैहिस्सलाम यांच्या कौमचा किस्सा आहे आणि आपल्या फकीहांनी या कृत्याला गुनाह मानलं, हे मी लपवत नाही. स्कॉट सिराजुल हक कूगल यांच्यासारखे आजचे अभ्यासक म्हणतात की त्या किस्स्यातली निंदा जबरदस्तीची आहे, पाहुण्यांवरच्या अत्याचाराची आहे. ते वाच, नाही पटलं तर सोडून दे. पण फिक्हचं नाव घेतोस तर पूर्ण घे. आपल्यातले बहुतेक जण ज्यांचा मजहब पाळतात, त्या इमाम अबू हनीफांनी या कृत्याला हद्दची ठरलेली शिक्षा लागू केली नाही; प्रकरण तअझीरमध्ये, म्हणजे काझीच्या विवेकावर ठेवलं. त्यांचे शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद यांनी याच मुद्द्यावर उस्तादांशी मतभेद नोंदवला. जिनासाठी तर चार प्रत्यक्षदर्शी साक्षीदार लागतात, आणि खोट्या आरोपाला ८० फटके आहेत. ज्या परंपरेने दुसऱ्याच्या खोलीत डोकावणं एवढं अवघड करून ठेवलं, तिच्या नावाने कुणी रस्त्यावर बंदूक चालवतो आणि आपण ‘अच्छा हुआ’ म्हणतो!

दुसरा ठरलेला आरोप म्हणजे ‘हे पश्चिमेचं खूळ आहे.’ मग बाबरनामा उघडून बघ. सतरा-अठरा वर्षांचा, नुकतं लग्न झालेला बाबर स्वतःच्या हाताने लिहितो की छावणीच्या बाजारातल्या बाबुरी नावाच्या मुलावर तो जीव टाकत होता, आणि बायकोकडे मात्र त्याला त्याची आई रागावून पाठवत असे. बगदादचा अबू नुवास, दिल्लीचा मीर तकी मीर यांच्या शायरीतही पुरुषाला पुरुषाची ओढ आहे. सलीम किदवई यांनी रूथ वनिता यांच्याबरोबर २००० साली या साहित्याचा जाडजूड संग्रहच प्रसिद्ध केला.

कायद्यांचंही बघ. ऑटोमन खिलाफतीच्या १८५८ च्या दंडसंहितेत दोन सज्ञान पुरुषांच्या राजीखुशीच्या संबंधांना गुन्हा ठरवलं नव्हतं. ती संहिता फ्रेंच कायद्यावर बेतलेली होती, पण लागू केली ती खलिफाने. दोनच वर्षांनी, १८६० मध्ये, इंग्रजांनी आपल्याला कलम ३७७ दिलं. पाकिस्तान आणि बांगलादेशाच्या कायद्यात ते त्याच क्रमांकाने आजही आहे. पश्चिमेकडून आलेला माल दाखवायचाच असेल तर हा दाखव.

जुना काळ सोनेरी होता असंही माझं म्हणणं नाही. त्या शायरीतला माशूक बहुतेक वेळा मिसरूड न फुटलेला पोरगा असतो, कधी गुलामही. अफगाणिस्तानातली बच्चाबाजी हा तर सरळ मुलांवरचा अत्याचार आहे, आणि गंमत अशी की ती चालवणाऱ्या सरदारांना समाजात मानाने बसवलं जात होतं. इथेच आपल्या समाजांचा खरा नियम दिसतो. चोरून कर, ताकदीच्या जोरावर कर, वर बायको ठेव. कुणी विचारणार नाही. पण दोन सज्ञान माणसांनी बरोबरीच्या नात्याने ‘आमचं प्रेम आहे’ म्हटलं की आभाळ कोसळतं. आपला राग कृत्यावर नसतो, खरं बोलण्यावर असतो.

या नियमाची किंमत कोण मोजतं ते मी पाहिलं आहे. इंजिनिअरिंगला असताना माझ्या रूममेटने थर्ड इयरला मला सगळं सांगितलं. मी म्हणालो, ‘‘शादी कर, सब ठीक हो जायेगा.’’ पुढे त्याच्या घरच्यांनीही हेच केलं. निकाहनाम्यावर गवाह म्हणून माझी सही आहे. बी.एड. झालेली ती मुलगी दीड वर्षं स्वतःतच खोट शोधत राहिली. सासूने तावीज बांधले, डॉक्टर झाले. शेवटी तिने खुला मागितला, तेव्हा जमातीच्या बैठकीत तिलाच विचारलं गेलं, ‘‘तुझमें क्या कमी थी?’’ रूममेट परदेशी गेला. माझा फोन घेत नाही. मेहर, इजाब-कबूल सगळं रीतसर झालं होतं. फक्त जिची रजामंदी घेतली, तिला सत्य सांगितलं नव्हतं. तिहेरी तलाकवर बोलताना आपण बाईच्या इन्साफची भाषा करतो. ही बाई त्या इन्साफात येत नाही का?

आणखी एक हिशेब आपल्याला द्यायचा आहे. दिल्ली हायकोर्टाने २००९ मध्ये ३७७ ला कात्री लावली, तेव्हा सुप्रीम कोर्टात त्याविरुद्ध धावलेल्यांत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं. त्याच बाजूला क्रांतिकारी मनुवादी मोर्चा नावाचा पक्षही होता. मनुवाद्यांशी आपलं एकमत झालं ते या एका मुद्द्यावर! २०१३ मध्ये ते जिंकले. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तो निकाल पुसला.

त्याच्या आधी, मे २०१६ मध्ये, मुंबई हायकोर्टाने महाराष्ट्राच्या गोवंश कायद्यातलं एक कलम रद्द केलं. परराज्यात कापलेलं मांस घरात ठेवणं हा गुन्हा होऊ शकत नाही, कारण माणसाला खासगीपणाचा हक्क आहे, हे त्यामागचं एक कारण. तेव्हा आपण सुटकेचा श्वास सोडला. स्वयंपाकघराचं दार ज्या हक्काने बंद होतं, त्याच हक्काने शेजारच्या खोलीचंही होतं. पोलीस आपल्या फ्रीजमध्ये नको असतील, तर दुसऱ्याच्या बिछान्याजवळही नकोत.

माझं मागणं मोठं नाही. हराम-हलालबद्दलचं तुझं मत तुझ्यापाशी ठेव. पण भाऊ, चुलतभाऊ, दोस्त असं काही सांगू लागला तर त्याला मारू नकोस, घराबाहेर काढू नकोस, त्याची बातमी मोहल्ल्यात करू नकोस. आणि त्याला निकाहला उभं करू नकोस. घरचे करत असतील तर आडवा जा, कारण मंडपाच्या त्या बाजूला कुणाची तरी बहीण बसलेली असते.

माझ्या सहीचं मी आता काही करू शकत नाही. त्या मुलीची माफी मागायचं धाडस अजून झालेलं नाही, तेही कबूल करतो. पण पुढच्या इफ्तारीला कुणी ‘अच्छा हुआ’ म्हणालं, तर फळांची प्लेट सरकवणार नाही. बोलेन. तू त्या दस्तरख्वानावर असशील तर तूही बोल.