जीवशास्त्राचा शिक्षक आपल्याच जिल्ह्यात घडला पाहिजे



मुलाने वा मुलीने दहावीनंतर विज्ञान शाखा घेतली आणि त्यात जीवशास्त्र हा विषय घेतला, की आपल्या घराघरांत एकच स्वप्न उभे राहते. ते स्वप्न डॉक्टर होण्याचे. स्वप्न वाईट नाही. धानाच्या बांधीत राबणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या आईबापांच्या घरी ते पडावे, हीच मोठी गोष्ट आहे. परंतु वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले म्हणजे तेच घर खचून जाते. मुलगी बी. एस्सी. होते, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकते, पदवी हाती येते, आणि मग कोणीतरी नातलग म्हणतो, "काही नाही तर बी. एड. तरी करून टाक."

ह्या 'तरी' शब्दाला आमची हरकत आहे. शिक्षकाचे प्रशिक्षण म्हणजे हरलेल्यांची धर्मशाळा नव्हे. भंडारा जिल्ह्याच्या सातही तालुक्यांत ज्या ज्ञानाची आपल्या लोकांना आज सर्वांत निकडीची गरज आहे, ते ज्ञान जीवशास्त्राच्या वर्गात मिळते. तो वर्ग कोण घेतो आणि किती तयारीने घेतो, ह्यावर आपल्या मुलांचे आरोग्य, लग्ने आणि विचार अवलंबून आहेत. हे विधान अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून त्याची कारणे देतो.

रक्ताचा प्रश्न

पहिले कारण सिकलसेलचे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ल आणि सोलंकी ह्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख इंग्लंडच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध केला. तेव्हापासून पूर्व विदर्भात हा विकार आहे हे सर्वांना माहीत आहे. रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या राहण्याऐवजी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांधे ठणकतात आणि रक्त वारंवार कमी होते. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने मध्य प्रदेशातील शहडोल येथून ह्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आणि त्यासाठी २०४७ पर्यंतची मुदत ठरविली.

मोहीम तपासणी करील, कार्ड देईल. परंतु त्या कार्डाचा अर्थ कोण समजावून सांगेल? दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता रोगी मूल होण्याची, चारात दोन वाहक मूल होण्याची आणि चारात एक निर्दोष मूल होण्याची असते. वाहक स्वतः सहसा धडधाकट असतो, म्हणून त्याला आपली स्थिती ठाऊक नसते. हा हिशेब मेंडेलच्या वाटाण्यांचाच आहे. तो आपल्या राज्याच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात छापलेला आहे, आणि सिकलसेलचे नावही तेथे आहे. तयार शिक्षक फळ्यावर चार घरांची चौकट काढतो आणि दहा मिनिटांत तो हिशेब मुलांच्या मनात कायमचा बसवितो. ज्याची तयारी नाही तो "हे घरी वाचून या" असे म्हणून पान उलटतो. त्या उलटलेल्या पानाची किंमत पुढे कोणत्या तरी घराला भोगावी लागते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हा रोग अमुक जातीचा, असे कुजबुजत बोलले जाते. ते खोटे आहे. विदर्भात तो बौद्धांत आढळतो, तसाच कुणब्यांत, तेल्यांत, गोंडांत आणि माडियांतही आढळतो. जेथे हिवतापाचे राज्य होते तेथे हा गुण टिकून राहिला, कारण वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळते. त्या गुणाने जात पाहिली नाही; त्याने डास पाहिले. लपविण्याजोगे ह्यात काही नाही आणि लाजण्याजोगे तर मुळीच नाही. लग्नापूर्वी दोघांचेही रक्त तपासून घेणे एवढेच शहाणपण त्यातून निघते.

ह्याच पाठातून दुसरेही सत्य बाहेर पडते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि शेवटी न होऊ शकलेल्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जात म्हणजे वंशशुद्धी ह्या दाव्याचा समाचार घेतला. त्या वेळी त्यांनी बेटसन ह्या जीवशास्त्रज्ञाच्या मेंडेलविषयक ग्रंथाचा आधार घेतला होता. अनुवंशशास्त्र हे आपल्या विरुद्ध वापरले जाणारे हत्यार नसून आपल्या बाजूचा साक्षीदार आहे, हे त्यांनी ओळखले होते. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा देशातील अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी निषेधाचे पत्रक काढले. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हाच पहिला पाठ आहे. पाठ आहे, तो शिकविणारा हवा.

पुस्तक आणि बांधी

दुसरे कारण आपल्या जिल्ह्याच्या भूमीचे. वैनगंगेच्या खोऱ्यातील धान, गावोगावचे मालगुजारी तलाव, बोड्या, मोह, ऐन आणि अर्जुनाची झाडे ही आपली प्रयोगशाळा आहे. जिच्याकडे सूक्ष्मदर्शक एकच आहे, अशा शाळेलाही ही प्रयोगशाळा फुकट मिळते. ऐन-अर्जुनाच्या पानांवर वाढणारी कोशाची अळी कीटकाचे संपूर्ण जीवनचक्र दाखविते. तलावातील मरळ मासा पाण्याबाहेर बराच वेळ का जगतो, हे विचारले की श्वसनाचा पाठ आपोआप सुरू होतो.

लाखोळीचे उदाहरण घ्या. धान उभे असतानाच ओल्या बांधीत ती टाकतात आणि फारशा खर्चावाचून ती येते. तिच्यात एक विषारी अमिनो आम्ल असते. महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडतात. दुष्काळात आणि गुलामीच्या मजुरीत जे तिच्यावरच जगले, त्यांचेच पाय गेले. ज्यांच्या ताटात इतर धान्य होते त्यांचे गेले नाहीत. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली आणि २००८ साली महाराष्ट्राने ती उठविली. भिजवून आणि उकळून पाणी टाकून दिले की विष बरेच कमी होते. ह्या एका डाळीत रसायन, आहार, शेती आणि मजुरीचा इतिहास एकत्र आला आहे. बाहेरगावाहून आलेला आणि बदलीची वाट पाहणारा शिक्षक हा पाठ सहसा घेऊ शकणार नाही. ज्याच्या आजीने लाखोळी रांधली, तो घेऊ शकेल.

पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत सर्पदंश होतो, तेव्हा जखमी माणसाला अजूनही काही ठिकाणी आधी मांत्रिकाकडे नेतात. २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याने साप, विंचू वा कुत्रा चावलेल्यास वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा ठरविला आहे. परंतु नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ह्या चारही सापांच्या विषावर सरकारी दवाखान्यात एकच प्रतिविष मिळते, हे ज्या मुलाला वर्गात पटले आहे, तोच संकटाच्या वेळी घरातील वडीलधाऱ्यांना थांबवू शकतो. कायद्याचे काम गुन्हा घडल्यावर सुरू होते; शिक्षकाचे त्याच्या आधी.

मुलींविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. प्रजननाचा पाठ आला की कित्येक वर्गांत तो घाईने उरकला जातो. मासिक पाळीला विटाळ मानणारी रूढी त्या मौनावरच पोसली जाते. म्हणून जीवशास्त्र शिकविणाऱ्या स्त्रिया आपल्या घरांतून पुढे येणे अगत्याचे आहे.

दोन वर्षे कशासाठी?

कोणी म्हणेल, विषय येत असला म्हणजे शिकविता येते. प्रशिक्षण हे केवळ कागदापुरते आहे. हा समज आपल्या थोर पूर्वजांना मान्य नव्हता. सावित्रीबाई फुले ह्यांनी अहमदनगर आणि पुणे येथे अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. त्यात शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि ते शेतकरी-कष्टकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते मुलांत मिसळतील व त्यांच्या गरजा जाणतील, असा त्यांचा आग्रह होता. प्रशिक्षण आणि आपलेपणा ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. आपणही त्या एकत्रच मागितल्या पाहिजेत.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी बी. एड. दोन वर्षांचे केले. त्यात वर्षाला दोनशे कामाचे दिवस आणि एकूण वीस आठवडे प्रत्यक्ष शाळेतील काम आहे. हजेरी वर्गात किमान ऐंशी टक्के आणि शाळेतील कामात नव्वद टक्के असावी लागते. पाठाचे टाचण, सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, सहकाऱ्यांची टीका हे सर्व त्यात येते. जीवशास्त्राच्या छात्राध्यापकाने ह्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची पात लावणे, तलावाचे पाणी तपासणे आणि शिवारात वर्ग नेणे हे हातांनी केले पाहिजे. वीस आठवड्यांत चाळीस मुलांच्या प्रश्नांसमोर उभे राहिल्यावरच कळते की "मला येते" आणि "मला शिकविता येते" ह्यांत किती अंतर आहे.

म्हणून जे महाविद्यालय "येऊ नका, हजेरी आम्ही लावतो" असे सांगते, त्याच्या दारातून परत फिरा. ती सवलत नाही. ज्या मुलांपुढे तुमची कन्या वा पुत्र उद्या उभा राहणार आहे, त्यांच्या हक्काची ती चोरी आहे.

वाट आणि अडचणी

आता वाट सांगतो. नववी-दहावीसाठी विज्ञानाची पदवी आणि बी. एड. लागते, प्रवेश राज्याच्या सामाईक परीक्षेने होतो. सहावी ते आठवी शिकवावयाचे तर शिक्षक पात्रता परीक्षाही उत्तीर्ण व्हावी लागते. अकरावी-बारावीचे जीवशास्त्र शिकविण्यासाठी वनस्पतिशास्त्र वा प्राणिशास्त्रातील पदव्युत्तर पदवी आणि बी. एड. हवे. बारावीनंतर थेट चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रमही आहे. १९६३ साली स्थापन झालेली भोपाळची क्षेत्रीय शिक्षण संस्था महाराष्ट्रासाठीही आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असते.

खर्चाची भीती बाळगू नका, पण कागदांची हयगयही करू नका. धम्म स्वीकारल्याने अनुसूचित जातीच्या सवलती जात नाहीत. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रानेही ते मान्य केले आहे. अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते, त्यावरील घरांना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची सवलत आहे. जातीचा दाखला आणि पडताळणी प्रमाणपत्र ह्यांसाठी मुलगा बारावीत असतानाच अर्ज करा. प्रवेशाच्या आठवड्यात धावाधाव करून ती मिळत नाहीत.

नोकरीची वाट मात्र सोपी नाही, हे लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. २०१२ साली शासनाने शिक्षकभरती थांबविली. त्यानंतर अभियोग्यता चाचणी पहिल्यांदा डिसेंबर २०१७ मध्ये, मग थेट २०२३ मध्ये आणि नंतर २०२५ मध्ये झाली. निवड झाल्यावरही पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढावी लागतात. २०२३ पासून माध्यमिक शाळेत त्याचे मानधन महिना अठरा हजार रुपये आहे. तरुणांची उमेदीची वर्षे अशी कुजविणे हा अन्याय आहे. चाचणी ठरल्या वेळी व्हावी, रिकाम्या जागा दरवर्षी भराव्यात आणि प्रत्येक माध्यमिक शाळेत जीवशास्त्राचा पदवीधर असावा, ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे. मुलाखतीच्या आड कोणी पैसे मागत असेल तर शेत विकून ते देऊ नका. पैसे देऊन मिळविलेली खुर्ची वर्गात ताठ मानेने बसू देत नाही.

शेवटी तुमच्याकडे मागणे एवढेच. आपल्या गावच्या शाळेत जा आणि नववी-दहावीचे विज्ञान कोण शिकवितो, प्रयोग होतात की नाही, हे विचारा. पालक म्हणून तो तुमचा अधिकार आहे. घरात जीवशास्त्र शिकलेली मुलगी असेल तर तिला 'बी. एड. तरी कर' असे म्हणू नका. शिक्षिका हो, आणि पूर्ण तयारीने हो, असे सांगा. पदवीधर तरुणांनी नोकरीची वाट पाहत असताना विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी नववी-दहावीचा वर्ग घ्यावा. त्यांचाही सराव होईल आणि मुलांनाही विषय कळेल. जन्मावरून माणसाची योग्यता ठरत नाही, हे आपण १९५६ साली नागपुरात जाहीर केले. ते फळ्यावर, वाटाण्याच्या आणि रक्ताच्या साक्षीने समजावून सांगणारी माणसे आपल्याच घरांतून तयार करणे, हे आता तुमच्या हाती आहे.